न उपसलेलं तळं

अंगण झाडून खराटा जागेवर ठेवला, हात धुतले आणि वळून पाहिलं तर अंगण पुन्हा पिवळं. कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की आपल्या घरी असंच चालतं. मी झाडते, तो टाकतो. रेवा, नील, तुमच्या तिकडे म्हणे गळण्याआधी पानं लाल-केशरी होतात आणि लोक ती बघायला गाड्या काढून जातात. आमच्या गारखेड्यातल्या निंबाला असला समारंभ ठाऊक नाही. माघ सरता सरता कोरडा वारा सुटतो, दुपारी ऊन चांगलंच तापतं, पहाटे मात्र अजून शाल लागते, आणि त्या अधल्यामधल्या दिवसांत एवढं थोरलं झाड बघता बघता हलकं होऊन जातं. त्याच्याखाली उभं राहिलं तर पान पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. फार बारीक आवाज आहे तो, जुन्या घड्याळाच्या पोटातल्यासारखा.

हे दिवस आले की मला दोन वर्षांपूर्वीची पानगळ आठवते. तेव्हा मागच्या तळ्याचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा होता. तुम्हाला आम्ही तो सांगितला नाही. फोनवर तुम्ही "आजी, तळं दाखव" म्हणालात की मी फोन जास्वंदीकडे वळवायची. आता तुम्ही मोठे झाला आहात, म्हणून लिहिते.

तळं म्हणायचं आपलं कौतुकानं. मोठ्या पलंगाएवढी जागा, माझ्या कमरेइतकी खोली, अर्धं जमिनीत आणि अर्धं वर. आबा निवृत्त झाल्यावर घराच्या उरलेल्या विटा त्यांना डोळ्यांसमोर नको होत्या; त्यांतून त्यांनी ते स्वतः बांधलं. एका बाजूला पाण्यात बुडवलेल्या कुंडीत कुमुदिनी, काठाला कर्दळ, आत असंख्य गप्पी मासे, आणि केशरी मासे तीन. त्यांची नावं तुम्हीच ठेवलीत: टोमॅटो, गाजर आणि मास्तर. मास्तर हा सगळ्यात जाड, आणि तो कुणाच्याही मागे जात नसे, म्हणून मास्तर.

त्या वर्षी निंबानं जरा जास्तच ओतलं. मी चार दिवस तुमच्या मामेआजीकडे जालन्याला गेले होते. परत आले तर पाणी दिसतच नव्हतं, नुसती पिवळी चटई. वरची पानं भिजून खाली जात होती, त्यांच्या जागी नवी येत होती. पाणी आधी चहासारखं झालं, मग काढ्यासारखं, मग काळं. वास येऊ लागला. पहाटे पाहिलं तर सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात. मासे उरलेल्यासाठी वर येतात. मी बघत उभी राहिले.

आबांचे गुडघे तेव्हा पुरते रुसले होते. काठाशी वाकणं सोडा, पायरी उतरायची तरी भिंत धरावी लागे. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "बुजवून टाकू."

"काय?"

"तळं. मला वाकवत नाही, तुला एकटीला झेपणार नाही. मासे कुणाला तरी देऊ. मुरूम टाकू, वर माती. गुलाब लाव तुझे."

"मला गुलाब नकोत. मला तळं हवंय."

"कशाला पण?"

या घरातल्या कुठल्या डब्यात काय आहे ते मी झाकण न उघडता सांगते, तुम्ही माझी परीक्षा घेऊन पाहिली आहे. कपाटातल्या चादरींचा क्रम मला पाठ आहे. अख्ख्या घरात तळं ही एकच जागा अशी होती की तिच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. हे चहाच्या कपासमोर कसं सांगायचं? मी म्हटलं, "पाडव्यापर्यंत थांबा. तोवर मासे वर यायचे थांबले नाहीत तर तुमचं ऐकेन."

"आणि थांबले तर?"

"तर तुम्ही माझं ऐकायचं."

आबा हसले. "मग आधी मोटर लावून उपसून घेऊ. पाणी काढल्याशिवाय गाळ कसा निघणार?"

हे त्यांचं कन्नड तालुक्यातल्या गावाकडचं शिक्षण. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे तेव्हा आधी इंजिन लावून विहीर कोरडी करायचे, मग भाऊभाऊ आत उतरायचे आणि घमेली वर यायची. विहीर पुन्हा भरायची चिंता नसे. तिचे झरे तिच्याजवळ. आपल्या तळ्याला कुठला झरा? आपल्या या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. तुम्ही विमानतळावरून घरी आलात की पहिला प्रश्न तोच विचारता, "आज नळाचा दिवस आहे का?" नळाच्या दिवशी गल्लीतला माणूस दुसरं काही करत नाही. टाकी, पिंप, बादल्या, कळशी, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवतो. अशा गावात तळंभर पाणी गटारात सोडून द्यायचं, हे माझ्या जिवाला सोसेना. शिवाय ते पाणी साधं नव्हतं. ते श्रावण-भाद्रपदात गच्चीवरून पन्हाळीनं उतरलेलं पाऊसपाणी होतं. माशांची कितीतरी पोरं त्यातच जन्मली होती. ते बदलून दुसरं भरणं म्हणजे घर साफ करायचं म्हणून माणसं बदलण्यासारखं.

म्हणजे पाणी आत ठेवूनच पाण्यातला कचरा काढायचा होता.

पहिल्या दिवशी मी पिठाच्या चाळणीनं सुरुवात केली, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. "भाभी, ये तालाब है की काढ़ा? रातभर मच्छरां कान में गाना गारे मेरे!"

नसीमआपा. तुम्हाला शीरखुर्मा देणाऱ्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. डासांची तक्रार घेऊन त्या भिंतीशी आल्या होत्या, आणि तक्रार खरीच होती. पानांच्या चटईखाली डासांची पिल्लं मजेत होती. त्यांना खाणारे गप्पी मासे तिथवर पोचतच नव्हते.

"आपा, भांडायचं असेल तर इकडे येऊन भांडा. हात रिकामे नाहीत माझे."

त्या फाटकातून आल्या, माझी चाळणी पाहिली आणि डोक्याला हात लावला. "चाळणी से तालाब? जिंदगी गुजर जाएगी, भाभी."

मग आम्ही दोघींनी मिळून अवजार बनवलं. तुमच्या बाबांची तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट माळ्यावर होती. तिच्या कड्याला मी जुन्या मच्छरदाणीची झोळी शिवली आणि दांडा बांबूला बांधला. आपा म्हणाल्या, "लोगां मच्छरदाणी में सोते, तुम पत्तियां सुलाते." आणि स्वतःच्याच विनोदावर कठडा धरून हसल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या येऊ लागल्या. डासांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तरंगणारी पानं सोपी होती. सकाळचा वारा ती आपणहून एका कोपऱ्यात गोळा करून ठेवी. झोळी ओढायची नाही, खालून अलगद सरकवायची आणि उचलून थोडी वर धरायची. पाणी गळून आपल्या घरी जातं. खरं अवघड होतं तळाचं. पहिल्या उत्साहात मी बांबू खाली घालून चांगला ओढला, तर काळे ढग उठले, बुडबुडे आले, असा वास सुटला की आबांनी घरातून खिडक्या लावल्या, आणि मासे आधीपेक्षा जास्त तडफडू लागले. त्या सकाळी मला एवढं कळलं की तळाशी जे साठलेलं असतं ते एकदम ढवळायचं नसतं. दुधावरची साय काढताना हात जसा चालतो तसा चालवायचा. आज हा एवढा तुकडा, उद्या त्याच्या शेजारचा. मधे पाण्याला निवांत बसू द्यायचं.

पानं निघाली तरी खाली काजळासारखा मऊ गाळ उरे. त्यासाठी रबरी नळी. तिचं एक टोक तळाशी, दुसरं काठाबाहेरच्या बादलीत. तळ्याचा कठडा उंच असल्यामुळे पाणी आपणच गाळाला घेऊन खाली उतरे. बादली भरली की बाजूला ठेवायची. संध्याकाळपर्यंत गाळ खाली बसे आणि वर पाणी निवळे. ते तांब्यानं हळूच काढून परत तळ्यात. खालचा गाळ जास्वंदीला आणि कढीपत्त्याला. एक थेंब वाया गेला नाही. आबा खिडकीतून बघत म्हणायचे, "इतक्या सावकाश तर वरणसुद्धा शिजत नाही." पण बघायचे.

आता त्या ढिगाविषयी सांगते. काढलेला पालापाचोळा लगेच फेकायचा नसतो. काठावरच ओला ठेवायचा, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपणहून पाण्यात परततात, असं मी कुठंतरी इंग्रजीत वाचलं होतं. वाचलं खरं, पण माझ्या स्वच्छ फरशीवर तो काळा, ओघळणारा ढीग मला रात्रभर टोचत असे. पहिल्या सकाळी आपा आणि मी चष्मे लावून त्याच्याशी बसलो ते केवळ तो लवकर हलवता यावा म्हणून.

ढीग हलत होता.

तुम्ही कधी स्वतःच्या घरात एखादी खोली नव्यानं सापडल्यासारखं स्वप्न पाहिलं आहे का? तसं झालं. साबुदाण्याच्या भिजल्या दाण्यांसारखी शंखातल्या गोगलगाईंची अंडी, एका पानाला चिकटलेली. तांदळाएवढे शंख, आपल्या मापाचं घर पाठीवर. केसासारखे लाल किडे, बाहेर येऊन पुन्हा आत जाणारे. आपांच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाचं एक पान निघालं. त्याचा सगळा गर पाण्यानं खाऊन टाकला होता, शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. आपांनी ते बोटावर घेऊन उन्हात धरलं. त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. "मेरे शादी के दुपट्टे से बारीक," त्या म्हणाल्या. मी कुजणं म्हणत होते त्याला. त्या काळ्या पाण्यात इतके दिवस कुणीतरी एवढं नाजूक काम करत बसलं होतं.

आणि मग एक काडी चालू लागली. मातकट रंगाची, सहा पायांची, डोक्याच्या मानानं डोळे केवढे तरी मोठे. ती थांबली, वळली, आणि फरशीवरून सरळ तळ्याकडे निघाली. कठड्याआडचं पाणी तिला दिसणं शक्य नव्हतं. तिला ते कसं कळलं, मला माहीत नाही. आपांनी वाटेतलं पान बाजूला केलं, जसं आपण मोठ्या माणसाला वाट देतो तसं. कठडा चढून ती काठाशी पोचली आणि आत पडली. आवाजही झाला नाही. नंतर पुस्तकात चित्र पाहिलं तेव्हा कळलं, ते चतुराचं पोर. पावसाळ्यानंतर हेलिकॉप्टरसारखे उडतात ना, ते चतुर. त्यांचं सगळं बालपण पाण्याखाली, चिखलात जातं. माझी साठी उलटून गेली, आणि माझ्या मागच्या दारी हे चाललेलं असतं याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून तो ढीग मला टोचेनासा झाला. मीच सकाळी आधी त्याला विचारायला जायची, रात्री कोण कोण गेलं?

पाणी हळूहळू फिकं होत होतं. मासे अजून पहाटे वर येत, पण उन्हं चढली की खाली जात. मला वाटलं, जमलं. आणि नळाचा दिवस आला.

मी त्या दिवशी दवाखान्यात कान दाखवायला गेले होते. आबांनी एकट्यानं सगळं पाणी भरलं. टाकी भरली, पिंप भरलं, बादल्या भरल्या, तरी नळ चालूच. आपल्या गावातल्या माणसाला चालू नळ बंद करवत नाही. पाणी वाया जाऊ नये आणि मलाही मदत व्हावी म्हणून त्यांनी नळी तळ्यात सोडली आणि आत येऊन पेपर वाचत बसले. त्या दिवशी पाण्याला औषधाचा, म्हणजे क्लोरीनचा, वास भरपूर होता. माणसांसाठी तो बरा. माशांच्या कल्ल्यांना तो जाळतो.

मी आले तेव्हा आबा तळ्याशी होते. गुडघे विसरून खाली फरशीवर बसलेले, शर्टाच्या बाह्या भिजलेल्या. हातात तपेली. पाणी तपेलीत घ्यायचे, डोक्यापर्यंत उंच उचलायचे आणि धार परत तळ्यात सोडायचे, आपण गरम दूध निववतो तसं. पुन्हा भरायचे, पुन्हा उंचावरून. मासे कुशीवर कलले होते.

"हवा मिसळायला पाहिजे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हवा मिसळली की वास उडून जाईल."

मी दुसरी तपेली आणली. आपा आल्या, काही न विचारता त्यांनीही तांब्या घेतला. आम्ही तिघं म्हातारी माणसं पाणी उचलत होतो आणि त्याच पाण्यात परत ओतत होतो. कुणी भिंतीवरून पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. दिवेलागणीला मास्तर सरळ झाला. मग टोमॅटो. गप्पी बहुतेक वाचले. गाजर वाचला नाही, रेवा. आबांनी त्याला कर्दळीच्या मुळाशी ठेवलं आणि माती ओढली.

रात्री जेवताना ते म्हणाले, "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुरूम येईल. सांगून ठेवलंय टेम्पोवाल्याला."

"आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं गं. पण जिवंत गोष्ट पाळायची तर अंगात ताकद लागते. माझ्या हातून उद्या आणखी काही झालं तर?" त्यांनी ताट सरकवलं. त्यांना तळं नको होतं असं नाही, हे मला तेव्हा समजलं. त्यांना तिथं पुन्हा तसं बसायचं नव्हतं.

मी वाद घातला नाही. सकाळी उठून रॅकेट घेतली. आपाही आल्या. आम्ही रोजचा तुकडा काढत राहिलो. आबा मात्र आता खिडकीतूनही बघत नसत. निंबाची पानं संपली, बारीक तांबूस पालवी फुटली, मोहोराचा कडसर गोड वास अंगणात भरून राहू लागला. आणि एका सकाळी मी झोळी खाली सोडली तर ती खाली जाताना दिसली. अगदी तळापर्यंत. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा आमच्या तळ्याचा तळ पाहिला, तोही पाण्यातून. आबांनी बसवलेल्या विटा, त्यांच्या फटीतून हलणारी शेवाळाची दाढी, कुमुदिनीच्या देठांची गुंतावळ, त्यांतून फिरणारा मास्तर, आणि विटांवर पडलेली मास्तरची सावली. पाणी तेच होतं. काचेसारखं पांढरं नव्हतं. फिकट मधासारखं होतं. तेच जुनं पाऊसपाणी, आपला रंग आपल्याजवळ ठेवून निवळलेलं. मी आपांचा हात धरला. त्यांनी तो दाबला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मासे पहाटेसुद्धा वर आले नाहीत. मी आबांना सांगितलं. "टेम्पोला नको म्हणून कळवता ना?"

"बघू," ते म्हणाले.

गुढी उभारली, निंबाचा पाला-गूळ खाल्ला, पुरण झालं, माणसं येऊन गेली. टेम्पोचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. माझं धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तळ्याशी गेले. म्हटलं, शेवटचं असेल तर शेवटचं. पाणी शांत होतं. कर्दळीच्या एका देठावर, पाण्यापासून वीतभर वर, ती मातकट काडी चिकटून बसली होती. पाण्याबाहेर, उघड्यावर. मला वाटलं मेली. वाकून पाहिलं तर तिची पाठ उकलत होती.

आतून काहीतरी फिकट हिरवं, ओलं वर येत होतं. आधी पाठ, मग डोळे, केवढे डोळे. मग ते सगळं मागे कलंडलं आणि डोकं खाली करून लोंबत राहिलं. किती तरी वेळ. मी हलले नाही. मग एका हिसक्यात ते उठलं, स्वतःच्याच जुन्या अंगाला धरून शेपूट ओढून काढली. पाठीवर पंख म्हणून चुरगाळलेल्या कागदाचे दोन-चार बोळे. आणि ते बोळे उलगडू लागले. कुणी ओढत नव्हतं, वारा नव्हता. आतूनच कुठूनतरी भरत येत होते. दुधासारखे, मग पाण्यासारखे, मग नुसत्या रेषा.

"अगं, चहा गार झाला. काय करतेस?" पायरीवर आबा होते.

मी हातानं खुणावलं. ते भिंत धरत उतरले, कठड्यापर्यंत आले. बराच वेळ बघत राहिले.

"हे... आपल्या तळ्यातलं?"

"त्या गाळातलं."

फाटकाशी हॉर्न वाजला. टेम्पोवाला गणपत उतरून सरळ मागे आला. "राम राम मालक! मुरूम कुठं वतू?"

आबांनी हात वर केला. "हळू बोल."

"व्हय. पर काय झालं?"

भिंतीवरून आपांची कुजबुज आली, "चुप बैठो! बच्चा पैदा होरा."

गणपत घाबरून आमच्याकडे बघू लागला. मग त्याला कर्दळीवरचं दिसलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला आणि आमच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "आयला," तो हळूच म्हणाला, "हे ह्या सालपटातून निघालं?" ऊन निंबाच्या पालवीतून उतरत कर्दळीवर आलं, तेव्हा ते चार पंख एकदम थरथरले. एवढ्या जोरात, की दिसेनासेच झाले. देठ हलला. जुनं अंग तिथंच राहिलं, आणि ते, ज्यानं त्या क्षणापर्यंत कधी उडून पाहिलंच नव्हतं, सरळ वर गेलं. गच्चीच्याही वर, निंबाच्याही वर.

आम्ही चौघं माना वर करून उभे होतो. आबांनी गुडघ्यावरचा हात कधी काढला होता कोण जाणे.

गणपतनं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. आता तोही हळू आवाजातच बोलत होता. "मंग मालक, मुरुमाचं काय करू?"

आबा अजून वरच बघत होते. "फाटकासमोर रस्त्यात लई मोठा खड्डा हाय ना," ते म्हणाले. शहरात इतकी वर्षं राहून गेलेली कन्नडकडची बोली त्यांच्या तोंडात परत आली होती. "त्यात वत."

गणपत निघाला. टेम्पो मागे घेताना त्यानं हॉर्न वाजवला नाही.